कुठल्या बोटात?

तिनं आपली हनुवटी दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून ठेवली होती. काठोकाठ भरलेलं भांडं सांडू नये म्हणून धरावं, तशी. दवाखान्याच्या ओट्यावर चार माणसांनी तिला खुर्चीसकट उतरवलं. खुर्ची दोन बांबूंना काथ्यानं बांधलेली होती. डोलीत निजवून आणता आलं नव्हतं, कारण आडवं केलं की तिचा श्वास अडकत होता.

"कोंबड्याला निघालो," बरोबरची बाई म्हणाली. ही तिची आई, भागीबाई. "मुरबाडचा डाक्टर देवी टोचायला गेलाय, असं कळलं. म्हणून डोंगर उतरून हिकडं आणली. बघा ना दादा, पोरीला सास घेता येत नाय."

दादा म्हणजे मी. मी अंगात सदरा-पाटलोण घालून रजिस्टर लिहीत बसलो होतो, म्हणून मी निम्मा तरी डॉक्टर असणार असं तिला वाटलं. मी निम्माही नव्हतो. मुंबईला मेडिकल कॉलेजात दुसरं वर्ष संपवत होतो, आणि तेही नीट संपलेलं नव्हतं. एप्रिलच्या परीक्षेत अ‍ॅनाटॉमीत नापास झालो होतो. अ‍ॅनाटॉमी म्हणजे शरीरात काय कुठे आहे त्याचं शास्त्र. ऑक्टोबरात पुन्हा परीक्षा देऊन सापगावला घरी आलो होतो आणि निकालाची वाट बघत होतो. आमच्या घरात माझ्याआधी चौथीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. नापास होणं म्हणजे नेमकं काय, हे वडिलांना समजावून सांगतानाच माझी अर्धी सुट्टी गेली. उरलेली सुट्टी मी शहापूरला डॉ. सबनिसांच्या दवाखान्यात काढत होतो. रजिस्टर लिहायचं, ड्रेसिंगला पट्ट्या कापायच्या, आणि जमेल तेवढं बघायचं.

डॉक्टर पहिल्या लढाईत फौजेबरोबर इराकात होते. आता दुसरी लढाई चालू होती आणि ते पन्नाशीच्या पुढे गेले होते. बाहेर येऊन त्यांनी पोरीकडे फक्त पाहिलं. हात लावला नाही.

"नाव काय?"

"हौसा," आई म्हणाली.

"तिला बोलू दे."

"हौसा," ती म्हणाली. आवाज बदकासारखा, नाकातून आल्यासारखा.

डॉक्टरांनी तिला तोंड उघडायला लावलं आणि टॉर्च माझ्या हातात दिला. पडजिभेच्या मागे, घशाची मागची भिंत असते तिथे, उजव्या अंगाला मोठा फुगवटा होता. लाल नव्हता. डॉक्टरांनी बोट घालून हलकेच दाबलं. तिला ओकारी आली आणि तिनं हनुवटी आणखी घट्ट धरली.

"मऊ आहे," डॉक्टर मला म्हणाले. "सांग काय ते."

"थंड गळू असेल, साहेब." मी घाबरतच बोललो. थंड गळू म्हणजे ज्यात पू असतो पण ठणका नसतो, कातडी तापत नाही. हाडाच्या क्षयात असं होतं. मानेचा मणका क्षयानं किडतो, त्याचा पू मणक्याच्या पुढे साठतो आणि घसा मागून पुढे ढकलतो. "डोकं हातात धरलंय ते मान पोखरलीय म्हणून. श्वास अडतोय तो गळवामुळे."

"बरोबर. किती दिवस झाले, बाई?"

"मान दोन म्हयने आखडलीय. गिळायला चार दिस होत नाय. काल रातपासून सास असा."

मानेवर मागच्या बाजूला चार गोल डाग होते. तापवलेल्या सळईचे. आमच्याकडे दुखण्यावर डाग देतात. माझ्या स्वतःच्या पोटावर दोन आहेत.

मला वाटलं होतं, डॉक्टर तिला मुंबईला धाडतील. त्यांच्याही मनात तेच होतं. आसनगाव स्टेशनापर्यंत बैलगाडी, तिथून गाडी. लढाईमुळे गाड्या कमी झाल्या होत्या, पुढची दुपारनंतर होती. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, मग हौसाच्या नखांकडे पाहिलं. नखं निळसर होती. श्वास घेताना गळ्याच्या खालचा खळगा आत ओढला जात होता.

"बैलगाडीचा एक धक्का नीट बसला तर मणका सरकेल," ते माझ्याशी हळू आवाजात बोलले. "धक्का नाही बसला तर ही कल्याणच्या अलीकडे गुदमरेल. इथेच करावं लागणार."

"तोंडातून फोडायचं का?"

"ते सोपं आहे. एक टोचा, की पू तोंडात. पण एवढा पू श्वासनळीत गेला तर ही टेबलावरच जाईल. नाही गेला तर तोंडातली घाण त्या किडलेल्या हाडात शिरेल, आणि पोर वर्षभर झिजून मरेल. हाडाचं गळू बाहेरून, मानेच्या बाजूनं उघडायचं. पुस्तकात तसंच आहे."

"तुम्ही केलंय, साहेब?"

"नाही."

मी हातातला टॉर्च विझवला.

"तू एप्रिलात कशात नापास झालास?" त्यांनी विचारलं.

"अ‍ॅनाटॉमीत."

"ते माहीत आहे. कुठल्या प्रश्नात?"

"मानेच्या."

"मग सहा महिने मानच वाचली असशील. मला मान फाडून पंचवीस वर्षं झाली. ये आत."

मी वाचली होती हे खरं आहे. नुसती वाचली नव्हती. पावसाळाभर डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे जिथे विद्यार्थी मृतदेहावर शिकतात तिथे, एका म्हाताऱ्याची मान मी दोन्ही बाजूंनी सोडवली होती. पण त्या म्हाताऱ्याला श्वास नव्हता आणि त्याची आई दाराशी बसलेली नव्हती.

औषधाच्या एका चिठ्ठीच्या कोऱ्या बाजूवर मी डॉक्टरांना चित्र काढून दाखवलं. वाचकांना ते शब्दांत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

मानेत सात मणके असतात. प्रत्येक मणक्याला दोन्ही बाजूंना एक आडवा फाटा असतो. त्या फाट्याच्या टोकाला दोन उंचवटे असतात, एक पुढचा आणि एक मागचा. दोहोंच्या मध्ये पन्हळ. शेताच्या बांधाला पाणी काढायला पाट करतात, तशी. मज्जारज्जूतून निघालेलं मज्जातंतूचं मूळ या पन्हळीतून बाहेर येतं. मानेतली खालची मुळं पुढे एकमेकांत गुंततात आणि हातात जातात. हात उचलणं, कोपर वाकवणं, मूठ वळणं, सगळं त्यांच्या जोरावर. शिवाय प्रत्येक मुळाला हातावरचा आपला पट्टा असतो. पाचव्याचा खांद्यावर, सहाव्याचा अंगठ्यात, सातव्याचा मधल्या बोटात, आठव्याचा करंगळीत. मणके सात आणि मुळं आठ, या हिशेबातच मी एप्रिलात गडबडलो होतो.

गळू असतं मणक्याच्या पुढच्या अंगाला. म्हणजे बाजूनं आत शिरून पुढच्या उंचवट्याच्याही पुढे जायचं. तिथे मुळं नसतात. मागे राहिलं तर थेट पन्हळीत.

"एवढंच लक्षात ठेवायचं, साहेब," मी म्हणालो. "पुढचा उंचवटा सापडला, की त्याच्या पुढे. सहाव्या मणक्याचा पुढचा उंचवटा सगळ्यांत मोठा असतो, बोटाला लागतो."

"तुझ्या बोटाला लागेल?"

"हॉलमध्ये लागायचा."

क्लोरोफॉर्म देता येणार नव्हता. श्वासाची वाट आधीच अरुंद, त्यात गुंगी दिली तर उरलेलीही बंद झाली असती. दात काढायला ठेवलेलं नोव्होकेन होतं, म्हणजे जागा बधिर करायचं औषध. ते कातडीत टोचून हौसाला जागीच ठेवायचं ठरलं.

डॉक्टर भागीबाईशी बोलले. मी शेजारी उभा होतो.

"बाई, पू काढला नाही तर पोर आज जाईल. काढताना हाताच्या शिरांना धक्का लागू शकतो. हात लुळा पडू शकतो."

"कंचा हात?"

"उजवा."

भागीबाईनं दारातून आत हौसाकडे पाहिलं. "भात उभं हाय," ती म्हणाली. "हिच्या सासरी कापायला चारच माणसं. उजवा हात गेला तर सासू हिला माज्या दारात आणून बसवील. दुसरी करतील." मग अंगठा पुढे केला. "लावा. पन हात घेऊ नका, बाबा."

तिनं कागदावर अंगठा उठवला. तेवढ्यात मी आत जाऊन हौसाला समजावलं. हे मी स्वतःहून केलं. मला कोणी सांगितलं नव्हतं.

"हौसाबाई, मान जराही हलवायची नाही. काही झालं तरी बोलायचं नाही, ओरडायचं नाही. बोललीस तर घसा हलेल आणि हत्यार लागेल. तोंड गच्च मिटून ठेव. कळलं?"

तिनं डोळे मिटून उघडले. होय.

भागीबाई दारातून म्हणाली, "त्याची काळजी नको, दादा. डाग दिले तवा पन हिनं हूं केलं नाय. आमच्या पोरी वरडत नाय."

"छान," मी म्हणालो.

आम्ही तिला अर्धवट बसतं ठेवलं, पाठीशी गाठोडी लावून. डोकं थोडं डावीकडे वळवून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. कंपाउंडर गोविंदराव डोकं धरून उभे राहिले. ते अठरा वर्षं त्या दवाखान्यात होते आणि कोणत्याही ऑपरेशनच्या वेळी फक्त दोनच वाक्यं बोलत. एक "हलू नको" आणि दुसरं "झालंच हं."

कानामागून छातीच्या हाडापर्यंत तिरका येणारा एक जाड स्नायू असतो. मान वळवली की तो टरारून दिसतो. त्याच्या मागच्या कडेनं डॉक्टरांनी छेद घेतला. मी रिट्रॅक्टरनं तो स्नायू पुढे ओढून धरला. रिट्रॅक्टर म्हणजे वाकडी पट्टी, वाट मोकळी ठेवायला. मला हे करायचा अधिकार नव्हता. मी ते लपवत नाही.

हॉलमधल्या मानेत सगळं वेगळं वेगळं दिसतं. तंतू पांढरे, दोऱ्यासारखे. इथे काहीच दिसेना. नुसतं लाल आणि ओलं, आणि सगळं एका तालात उडत होतं. तो ताल मानेतल्या मोठ्या धमनीचा. ती रिट्रॅक्टरच्या पुढे होती, एवढं तरी बरोबर होतं.

"बोट घाल," डॉक्टर म्हणाले. "तुझा उंचवटा शोध."

मी बोट घातलं. खाली हाड लागलं. टोकदार, शेंगदाण्याएवढं. खाली सरकवलं, दुसरं लागलं. हे मोठं वाटलं. माझ्या कपाळावरचा घाम गोविंदरावांनी बाहीनं पुसला.

"हाच. सहाव्याचा," मी म्हणालो.

"नक्की?"

"हो."

मी "हो" म्हणालो, कारण "बहुतेक" म्हणायला लाज वाटली. आज लिहिताना हे कबूल करतो.

डॉक्टरांनी बंद तोंडाचा चिमटा घेतला. अशा वेळी धारदार काही वापरत नाहीत. बंद चिमटा हळूहळू पुढे सारायचा, गळवात शिरला की तोंड उघडायचं आणि तसाच बाहेर काढायचा. माझ्या बोटाच्या लगेच पुढे त्यांनी तो ठेवला आणि दाबला.

काही नाही.

"झालंच हं," गोविंदराव हौसाला म्हणाले.

डॉक्टरांनी पुन्हा दाबला. आत काहीतरी चिवट लागत होतं. तिसऱ्यांदा दाबला. हौसाचा श्वास आता शीळ घातल्यासारखा येत होता.

"कुठे आहे रे तुझा पू?" डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले.

"तिथेच असायला हवा, साहेब. थोडा जोर केला तर..."

एवढ्यात चादरीखालून हौसाचा डावा हात बाहेर आला. तो पोटावरून उजवीकडे गेला आणि त्यानं उजव्या हाताचा अंगठा मुठीत आवळून धरला.

"हलू नको!" गोविंदराव ओरडले.

तिनं लगेच हात खाली घेतला. चेहरा तसाच. ओठ मिटलेले. फक्त दोन्ही डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहत होतं, आणि ते मी बराच वेळ बघत होतो, पण श्वासाच्या त्रासानं असेल असं धरून चाललो होतो.

डॉक्टरांनी मनगट फिरवून चिमट्याची पकड बदलली. आता जोर करणार हे मला दिसलं.

अंगठा कशाला धरला तिनं? जखम मानेत. अंगठ्याला कोणी हातही लावला नव्हता.

"थांबा, साहेब!"

"काय?"

"थांबा. दाबू नका. हौसाबाई, अंगठ्यात काही होतंय?"

ती गप्प. डोळे माझ्यावर, ओठ गच्च.

"हौसाबाई, बोल. आता बोलायचंय. अंगठा दुखतोय?"

तरी ती गप्प. मी सांगितलं होतं ना, काही झालं तरी बोलायचं नाही. ती तेच पाळत होती.

"साहेब, तिच्या आईला..." मी म्हणालो, तोवर भागीबाई दार ढकलून आत आलीच. "बोल गो! दादा इचारतोय तर बोल!"

हौसानं ओठ उघडले. "इज," ती म्हणाली. "मानेतून इज जाते. अंगठ्यात."

"आत्ता गेली?"

"तीनदा."

तीन वेळा डॉक्टरांनी चिमटा दाबला होता. तिन्ही वेळा वीज अंगठ्यात गेली होती, आणि तिनं हूं केलं नव्हतं.

अंगठा म्हणजे सहावं मूळ. सहावं मूळ असतं सहाव्या मणक्याच्या पन्हळीत. म्हणजे मणका मी बरोबर मोजला होता. उंचवटा चुकलो होतो. आम्ही मागच्या अंगानं शिरलो होतो, त्यामुळे बोटाला आधी लागला तो मागचा उंचवटा. पुढचा पुवानं फुगवलेल्या स्नायूखाली झाकला गेला होता. "उंचवट्याच्या लगेच पुढे" असं मी सांगितलं होतं, आणि मागच्या उंचवट्याच्या लगेच पुढे काय असतं, तर पन्हळ. मी स्वतःच्या बोटानं डॉक्टरांना मुळावर नेऊन ठेवलं होतं.

"साहेब, हा मागचा आहे. मी चुकलो. आपण मुळावर आहोत."

डॉक्टरांनी चिमटा आल्या वाटेनं सरळ मागे घेतला. रागावले नाहीत. "पुढचा शोध," एवढंच म्हणाले. "आणि तिला विचारत राहा."

मी बोट पुन्हा घातलं. या वेळी हाडावरून पुढे सरकवलं नाही. सरकवलं असतं तर मुळावरूनच गेलं असतं. उचललं आणि धमनीच्या मागच्या कडेपासून हळूहळू मागे आणलं. आधी नुसतं मऊ. पाण्यानं भरलेल्या पखालीवर बोट ठेवल्यासारखं. मग त्या मऊपणाच्या मागच्या काठाला, खोलात, हाड. मागच्याहून मोठं.

"हौसाबाई, कुठल्या बोटात?"

"नाय."

"खांद्यात?"

"कुटंच नाय."

डॉक्टरांनी माझ्या नखाच्या पुढे चिमटा ठेवला. "विचार."

"आता?"

"नाय."

त्यांनी दाबला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, जखमेकडे नाही.

"आता? कुठल्या बोटात?"

"नाय, नाय!" ती जरा चिडूनच म्हणाली, आणि त्याच क्षणी चिमटा आत गेला. डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडून तो बाहेर काढला. त्याच्यामागून पू आला. घट्ट पेजेसारखा, मधे हाडाचे कण. मी ट्रे धरला होता. तो भरत आला तेव्हा हौसानं एक श्वास घेतला. आवाज न करता. नुसता साधा श्वास, आपण सगळे घेतो तसा.

"झालंच हं," गोविंदराव म्हणाले. या वेळी ते खरं होतं.

पण माझं झालं नव्हतं. संध्याकाळी टाके, पट्टी, वाळूच्या पिशव्या असं सगळं झाल्यावर मी तिला उजवा हात उचलायला सांगितलं. खांदा उचलला. कोपर वाकलं, पण अर्ध्यावर थरथरायला लागलं. मनगट वर होईना. विळा धरायला मनगट वर करावं लागतं, कोणीही करून बघावं. मी कापसाचा बोळा अंगठ्यावर फिरवला.

"कळतंय?"

"नाय."

"तर्जनीवर?"

"जराजरा."

डॉक्टर केसपेपर लिहीत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "साहेब, त्यात माझी चूक लिहा. उंचवटा मी चुकलो."

"बोट तुझं होतं, चिमटा माझा होता," ते म्हणाले. "मी लिहिलंय: मुळावर तीनदा दाब पडला. कोणामुळे, हा रकानाच नाही यात." मग वर बघून म्हणाले, "मूळ तुटलेलं नाही, दबलंय. दबलेलं परत येतं. बहुतेक."

ते सरळ "बहुतेक" म्हणाले. त्यांना लाज वाटली नाही.

भागीबाईला मीच जाऊन सांगितलं. ओट्यावर ती भाकरीचं फडकं सोडत होती. हात का जड पडला, चूक कोणाची, आणि हौसानं पहिल्या खेपेलाच आवाज दिला असता तर इतकं झालं नसतं, पण गप्प राहायला मीच सांगितलं होतं, हे सगळं सांगितलं. ती ओरडेल अशी माझी तयारी होती.

"तू आज गप बस म्हनालास," ती म्हणाली. "आमी तिला जन्मल्यापासून सांगतो. मग आमची चूक केवढी रे?"

तिनं चतकोर भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली. ती कशी खाल्ली मला आठवत नाही.

पुढचे नऊ दिवस मी रोज सकाळी सापगावहून शहापूरला चालत जायचो आणि पोचल्याबरोबर तिला मनगट वर करायला सांगायचो. वाटेत मी देवाला काय काय कबूल केलं, ते इथे लिहीत नाही. पाचव्या दिवसापर्यंत काही नाही. मी पोचलो की ती माझ्याकडे न बघता हात पुढे करायची, आणि तो हात लटकलेला असायचा. सहाव्या दिवशी गोविंदराव दारातच म्हणाले, "आत जा, आत जा," आणि मी घाबरून जवळजवळ पळतच आत गेलो. मनगट बोटभर वर आलं होतं. नवव्या दिवशी ती पितळी भांडं उचलून पाणी प्यायली.

दहाव्या दिवशी मान प्लास्टरमध्ये घालून, दाराच्या फळीवर बांधून, तिला आसनगावहून मुंबईच्या हॉस्पिटलात नेलं. हाडाचा क्षय काही पू काढून बरा होत नाही. त्याला विश्रांती लागते, आणि नशीब. तिथे ती कित्येक महिने प्लास्टरमध्ये पडून होती. मी रविवारी भेटायला जायचो. मान जुळून आली, पण ताठ. आता ती बाजूला बघायला अख्खी वळते.

माझा निकाल लागला. पास झालो. या खेपेला मला पाय विचारला होता.

त्या वर्षी तिच्या सासरचं भात तिच्यावाचून कापलं गेलं. पुढच्या वर्षीही. सासूनं तिला आईच्या दारात आणून बसवलं, तेही झालं. पण नवरा आला आणि परत घेऊन गेला. का, ते मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. गेल्या उन्हाळ्यात मुरबाडच्या बाजारात ती मला दिसली. मिरच्या विकत होती. तराजू उजव्या हातात धरलेला. मला बघून तिनं अख्खी वळून हाक मारली, "ओ, कुटल्या बोटात!" दवाखान्यातल्या सगळ्यांनी मला तेच नाव पाडलं होतं, ते तिच्यापर्यंत पोचलं होतं.

मी तिचा हात बघायला मागितला. मनगट चांगलं होतं. पकड चांगली होती. अंगठ्याच्या पेरावर मोठा फोड होता, ताजा.

"हे काय?"

"भाकरी उलटताना. तव्याला लागला. वास आला तवा कळलं."

"दुखलं नाही?"

"त्या अंगठ्याला काय कळतच नाय," ती म्हणाली, आणि गिऱ्हाइकाला मिरच्या घालायला लागली.

तो अंगठा आता असाच राहणार. तीन दाबांपैकी पहिल्याच दाबाला मी तिला विचारलं असतं, तर कदाचित वाचला असता. कदाचित नसताही. डॉ. सबनीस आता मानेचं साधं गळू उघडायचं असलं तरी रोग्याचा हात उघडा ठेवतात आणि सांगतात, "हलू नको, पण बोल." मी अजून कोणावर हत्यार चालवलेलं नाही. पुढच्या वर्षी डॉक्टर होऊन वॉर्डात जाईन. तिथे सगळे सांगतात, शांत पडून राहणारा पेशंट चांगला. मी आधी बघणार, त्याला कोणी गप्प बसायला सांगितलंय का.